पनवेल परिसरातील गवत आणि चाऱ्याचा हंगाम : रायगवताच्या वाणपरीक्षेच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

चाऱ्याच्या गवतांचे वाण शेजारी शेजारी लावून त्यांची तुलना करणे ही आज कृषिशास्त्रातील नित्याची गोष्ट झाली आहे. परंतु कोणत्या गुणांची तुलना करावयाची, हे निसर्ग ठरवीत नाही. ते ठरते देशाच्या हवामानावरून, जमिनीच्या मालकीवरून आणि त्या गवताचा उपयोग कोण करणार यावरून. युरोपात या पद्धतीच्या केंद्रस्थानी रायगवत होते. कोकणात, विशेषतः पनवेलच्या आसमंतात, त्या जागी रानगवत होते आणि त्याची परीक्षा निराळ्याच कसोट्यांवर झाली. हा फरक केवळ वनस्पतींचा नसून इतिहासाचा आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. रायगवताची परंपरा

रायगवताचा राय नावाच्या धान्याशी काही संबंध नाही. त्याचे जुने इंग्रजी नाव 'रेग्रास' असे होते. इंग्लंडमध्ये ते मुद्दाम पेरले जात असल्याचा उल्लेख रॉबर्ट प्लॉट याच्या ऑक्सफर्डशायरवरील ग्रंथात १६७७ साली आढळतो. मुद्दाम पेरलेल्या गवतांचा हा सर्वांत जुन्या उल्लेखांपैकी एक होय. पुढे लोंबार्डीच्या पाटपाण्याच्या कुरणांतून इटालियन रायगवत उत्तरेकडे गेले. बहुवर्षायू रायगवत टिकाऊ, तर इटालियन रायगवत झपाट्याने वाढणारे परंतु अल्पजीवी. या दोहोंत निवड करताना शेतकऱ्यास तुलना करणे भागच होते.

या तुलनेस शास्त्रीय रूप आले ते वोबर्न येथे. ड्यूक ऑफ बेडफर्डच्या बागेत जॉर्ज सिंक्लेअर याने निरनिराळी गवते स्वतंत्र वाफ्यांत वाढवून त्यांचे उत्पन्न मोजले आणि आपले निष्कर्ष १८१६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. गवतांच्या पोषकद्रव्यांच्या परीक्षणास सर हंफ्री डेव्ही याचे साहाय्य लाभले होते. शंभर वर्षांनंतर, १९१९ साली, वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे आर. जी. स्टेपल्डन याच्या नेतृत्वाखाली वनस्पतिपैदास केंद्र स्थापन झाले. तेथे निपजलेले एस. २४ व एस. २३ हे रायगवताचे वाण मोठ्या प्रमाणावर पसरले. पहिला वसंतात लवकर फुटणारा व वाळल्या गवतासाठी सोयीचा. दुसरा उशिरा निसवणारा, पानाळ आणि चराईस टिकणारा. एकाच जातीचे दोन वाण हंगामाच्या दोन टोकांसाठी वेगळे काढले गेले, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. कारण त्या देशातील पशुपालकाचा मूळ प्रश्न हिवाळ्याची उपासमार कमी करण्याचा, म्हणजे हिरव्या चाऱ्याचा काळ दोन्ही बाजूंनी लांबविण्याचा होता.

अशा तुलनेमागे दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक, कुरण कुंपणाने बंदिस्त असून त्यात काय पेरावे हे मालक ठरवू शकतो. दुसरी, पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो. पनवेलास या दोन्ही गोष्टी लागू नव्हत्या.

३. पनवेलचे हवामान व रायगवताची मर्यादा

रायगवत हे शीत हवामानातील गवत आहे. सुमारे १८ ते २० अंश सेल्सिअस तापमानात ते जोमाने वाढते; उन्हाळ्याच्या तापाने ते मंदावते आणि पाणी तुटल्यास सुकते. पनवेलास जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. जानेवारीतही दुपारचे तापमान तीस अंशांच्या आसपास असते. म्हणजे पाणी असते तेव्हा हवा उष्ण व दमट, आणि हवा किंचित थंड होते तेव्हा पाणी नाही. भारतात इटालियन रायगवताला जागा मिळाली ती पंजाब व हिमाचल प्रदेशात. तेथे पाटपाण्यावर शरदात पेरून हिवाळ्यापासून वसंतापर्यंत त्याच्या कापण्या घेता येतात आणि त्यासाठी वाणही निवडले गेले.

थंड हंगामातील दुसऱ्या चाऱ्यांचीही हीच गोष्ट. बरसीम मिसर देशातून १९०४ च्या सुमारास सिंधमध्ये, म्हणजे त्या वेळच्या मुंबई इलाख्यातच, आले. परंतु सिंधच्या कालव्यांवर रुजलेले पीक त्याच इलाख्यातील कोकणपट्टीत उतरले नाही. मराठीत 'विलायती गवत' या नावानेही ओळखली जाणारी लसूणघास घाटमाथ्यापलीकडे विहिरीच्या पाण्यावर स्थिरावली; कोकणातील अतिवृष्टी व पाणथळ जमीन तिला मानवत नाही. यावरून असे दिसते की प्रशासनाची सीमा एक असली तरी चाऱ्याच्या हंगामाच्या सीमा निराळ्या होत्या.

४. एका गवताचे अनेक दावेदार

पनवेल तालुका १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. त्या वर्षी तो कुलाबा जिल्ह्यात गेला आणि कुलाब्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. या भागातील जमिनीची पारंपरिक विभागणी ध्यानात घेतल्यावाचून गवताचा प्रश्न उलगडत नाही. सखल भागात भाताची खाचरे, खाडीलगत बांध घालून राखलेली खारजमीन, आणि उतारावर वरकस. वरकसात नागली-वरी निघे आणि जमीन विसाव्यास टाकली की गवत वाढे. त्यापलीकडे जंगल. शेडा, मारवेल, कुसळी ही गवते कोणी पेरलेली नव्हती. ती पहिल्या पावसाबरोबर फुटत, भाद्रपदापर्यंत पुरुषभर वाढत आणि दिवाळीच्या सुमारास पिवळी पडत.

या गवतावर पहिला हक्क सांगे तो राब. भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर शेण, टहाळ, पाने व गवत यांचे थर पसरून वर मातीचा पातळ थर देऊन ते उन्हाळ्यात जाळण्याची ही पद्धत. हॅरल्ड मॅन, न. वि. जोशी व न. वि. कानिटकर यांनी १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात राबाच्या उष्णतेचा व राखेचा परिणाम तपासला आणि ही केवळ अडाणी रूढी नसल्याचे प्रकाशात आणले. परंतु राबात गेलेले गवत गोठ्यात जात नसे. शेतकऱ्याच्या दृष्टीने गवताची किंमत भाताच्या रोपात मोजली जाई. जनावराच्या वाट्यास मुख्यतः भाताचा पेंढा येई.

दुसरा दावेदार मुंबई शहर. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाल्यावर देशावरचा माल बैलगाड्यांनी पनवेल बंदरात उतरे व तेथून गलबतांनी मुंबईस जाई. गाड्यांची चाके बनविण्याच्या धंद्यासाठी पनवेल प्रसिद्ध होते. या वाहतुकीचे इंधन म्हणजे बैलांचा चारा. १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला आणि देशावरच्या मालाचा ओघ कल्याणमार्गे वळला; मात्र ठाणे-कुलाब्याच्या किनाऱ्यावरून भात, सरपण व गवत यांची जलवाहतूक चालू राहिली. मुंबईत १८७४ साली घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या. १९०७ साली विजेच्या ट्राम येईपर्यंतच्या काळात ट्राम कंपनीचेच घोडे हजारावर गेले होते. त्याखेरीज व्हिक्टोरिया, लष्कर आणि गोठ्यांतील म्हशी वेगळ्या. शहराला हवे होते ते वाळलेले, न कुजणारे, गासडीत दाबून दूर नेता येणारे गवत. त्यातील पोषक अंशाची चौकशी बाजार फारशी करीत नसे.

तिसरा दावेदार सरकार. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राखीव जंगलाची हद्द आखली गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या राब, चराई व गवत यांसाठी वापरात असलेली जमीन परवान्याच्या कक्षेत आली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष इतका वाढला की सरकारला १८८५ साली चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. त्या वादात राबाचा प्रश्न अग्रभागी होता. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात जंगलखात्याने गवत कापवून, दाबून, रेल्वेने दुष्काळी भागांत पाठविले. कोकणातील गवत ही इलाख्याची गंगाजळी आहे, हा विचार त्या वेळी दृढ झाला. परंतु ज्याच्या दारी ते गवत वाढे त्याच्या हक्काचा निर्णय त्यामुळे झाला नाही.

तो प्रश्न १९३० साली निराळ्या रूपाने पुढे आला. जंगल सत्याग्रहात १० जुलै १९३० रोजी पुसद येथे बापूजी अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला. मिठाप्रमाणेच गवत ही नित्याची, क्षुद्र वाटणारी वस्तू कायदेभंगाचे साधन ठरली. पनवेललगतच्या उरण भागात चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी झालेला सत्याग्रह जंगलतोडीचा होता. तेथील गोळीबारात आठ सत्याग्रही मृत्यू पावले. मामलेदार जोशी हेही त्या दिवशी मारले गेले. जंगलाच्या उत्पन्नावर कोणाची सत्ता, या प्रश्नाची येथील जनतेने दिलेली किंमत यावरून कळते.

५. देशी गवतांची शास्त्रीय परीक्षा

याच काळात मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यात देशी गवतांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला होता. विल्यम बर्न्स, एल. बी. कुलकर्णी व एस. आर. गोडबोले यांनी पुण्याजवळ भांबुर्डे येथील कुरणांत गवतांच्या जाती, त्यांची वाढ आणि कुरण बंदिस्त राखल्याने होणारे फरक यांचे निरीक्षण केले. ब्लॅटर व मॅकॅन यांचा मुंबई इलाख्यातील गवतांवरील ग्रंथ १९३५ साली प्रसिद्ध झाला आणि जाती ओळखण्याचे पक्के साधन हाती आले. वोबर्नपासूनचा वाफ्यांचा विचार आता देशी गवतांना लागू होऊ लागला होता.

परंतु कोकणात जातीपेक्षा कापणीची वेळ अधिक निर्णायक ठरते. फुलोऱ्याच्या सुमारास रानगवतात प्रथिनांचा अंश बरा असतो. बी गळून काडी वाळल्यावर तो तीन-चार टक्क्यांवर, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या पंक्तीला येऊन बसतो. कुसळी गवताची कुसळे पिकल्यावर जनावरांच्या तोंडाला इजा करतात, ती वेगळीच. तरीही गवत उशिरा कापले जाई. याचे कारण शेतकऱ्याचे अज्ञान असे सांगण्याची सरकारी लेखनात प्रथा होती. वस्तुतः कारणे तीन होती. भाद्रपदात गवत कापले तर पावसामुळे ते वाळत नाही, कुजते. आश्विनात पाऊस ओसरतो तेव्हा हळवे भात कापणीला येते आणि घरातील सारे हात खाचरात गुंततात. मजुरीवर येणारे कातकरी व ठाकरही तेथेच लागतात. आणि भाताची झोडणी उरकून माणसे मोकळी होतात तोवर गवत पिवळे झालेले असते. शहरच्या बाजाराला तेच चालते. तेव्हा चांगल्या जातीची शिफारस करून हा प्रश्न सुटणारा नव्हता. पोषक गवत मिळण्यासाठी जी वेळ साधावयाची, तीच वेळ भाताने आधी घेतली होती.

६. लावलेल्या गवतांचे युग

लावून वाढविण्याच्या उष्ण कटिबंधीय गवतांनी या अडचणीवर एक तोड सुचविली. गिनी गवत अठराव्या शतकाच्या अखेरीस भारतात आले. नेपियर किंवा हत्तीगवत १९१२ साली दक्षिण आफ्रिकेतून आले. १९५० च्या दशकात बाजरी व नेपियर यांच्या संकरातून निघालेल्या वाणांपासून, पाणी व खत मिळाल्यास, वर्षात सहा-आठ कापण्या आणि हेक्टरी शंभर टनांवर हिरवा चारा मिळू शकतो. मुंबईतील गोठे शहराबाहेर नेण्यासाठी १९४९ साली आरे येथे दुग्धवसाहत स्थापन झाली. तेथे गोठ्यांच्या सांडपाण्यावर पॅरा गवत वाढविण्यात आले. पाणथळ जमीन सोसणारे हे गवत कोकणास विशेष अनुकूल आहे.

रायगवत व संकरित नेपियर यांची येथे तुलना केल्यास विरोधाभास स्पष्ट होतो. रायगवताचे पान कोवळे, सुपाच्य व प्रथिनयुक्त; नेपियरचे उत्पन्न अफाट, परंतु वय वाढताच दांडा जून होतो. गुणाने रायगवत श्रेष्ठ, पण पनवेलच्या हवेत ते उपयोगाचे नाही. नेपियर हवामानात बसते, पण त्याचा खरा लाभ आठ कोरड्या महिन्यांत हवा, आणि तेव्हा त्याला ओलीत लागते. ज्याच्याकडे विहीर वा पाट आहे त्याचाच प्रश्न ते सोडविते. वरकसाच्या उतारावरील गवताला पाणी द्यावे लागत नव्हते, हे त्याचे मोल अशा तुलनेतूनच लक्षात येते.

७. उपसंहार

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या भागांतील गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित होऊ लागल्या. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला. त्या संघर्षात मोबदल्याचा हिशेब मुख्यतः भातजमीन व घरठाण यांच्या भाषेत मांडला गेला. उतारावरचे गवत आणि त्यावर जगणारी गुरे यांना सातबाऱ्यावर ठळक स्थान कधीच नसल्याने ती या हिशेबात सहज गळाली.

यावरून निघणारा निष्कर्ष असा की, चाऱ्याच्या गवतांची तुलना उत्पन्न, प्रथिने व हंगाम या तीन रकान्यांत संपत नाही. रायगवताच्या बाबतीत ती तशी संपल्यासारखी दिसते, कारण मालकी, कुंपण व पाऊस हे प्रश्न तेथे आधीच मिटलेले होते. पनवेलात ते मिटलेले नव्हते. येथे गवत एकाच वेळी राब होते, बाजाराचा माल होते, सरकारी महसूल होते आणि सर्वांत शेवटी चारा होते. कोकणातील पशुपालनाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास गवताच्या जातींइतकाच कापणीचा महिना, मजुरांची उपलब्धता आणि कापण्याचा हक्क यांचा शोध घ्यावा लागेल. जुने जंगलपरवाने, राबाच्या तक्रारी आणि बंदरांच्या आयात-निर्यातीच्या नोंदी ही त्यासाठीची साधने होत. वाफ्यांच्या नोंदवहीइतकाच त्यांचाही अभ्यास आवश्यक आहे.