टेकू दगडाकडे सरकवा

चपला काढून ठेवा. आज तुमचं वय सात वर्षं आहे आणि इथल्या सात वर्षांच्या पोरांच्या पायात काही नसतं. कातळ चांगलाच पोळतोय, तेव्हा एका जागी उभे राहू नका.

हे मालवणसमोरचं कुरटे बेट. 1664 च्या नोव्हेंबरात किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा होऊन सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं. आता शिमगा तोंडावर आलाय. ज्या तटावर चढून तुम्ही फोटो काढता, तो इथे अजून तुमच्या गुडघ्याएवढाही नाही. आहेत ती माणसंच माणसं. छिन्न्यांचा ठणठणाट इतका, की शेजारच्याशीही ओरडूनच बोलावं लागतं. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो फसफसून उकळतो आणि डोळ्यांना धारा लागतात. त्यात घाम, ओला काथ्या आणि सुकत घातलेली मासळी, सगळ्यांचा मिळून एकच वास. पलीकडे शिसं वितळतंय, पायाच्या चिऱ्यांत ओतायला. तिकडे फिरकायचं नाही, आईनं बजावलंय.

आई चुन्याची पाटी घेऊन पुढे गेली. तुम्ही मागे रेंगाळलात, कारण होडीतून उतरवलेला एक दगड खडकाच्या खाचेत फसलाय. दोन गडी रेटतायत. दगड ढिम्म. तुम्हीही खांदा लावता, शेवाळावरून पाय सटकतो आणि गुडघा सोलवटतो. खारं पाणी लागून तो असा झोंबतो की बोलायची सोय नाही.

‘‘पोरा, दगडाक नको, वाशाक जोर लाव.’’

एक म्हातारा पाथरवट पाच हात लांबीचा वासा ओढत आणतो. एक टोक दगडाच्या कडेखाली सारतो, मधोमध एक चिरा ठेवतो आणि तुम्हाला बखोटीला धरून दुसऱ्या टोकावर लोंबकळत ठेवतो. काही होत नाही. तुम्ही पाय झाडता, तरी नाही. गडी हसतात. म्हातारा हसत नाही. तो तुम्हाला खाली उतरवतो, तो चिरा तुमच्याच हातात देतो आणि म्हणतो, ‘‘टेकू दगडाकडे सरकय.’’

चिरा जड आहे, पण तो तुम्हीच सरकवायचा. दगडापासून एक हातावर. आता तुमच्या बाजूला चार हात वासा उरला, आणि त्याचं टोक पार वर गेलंय. गड्यानं उचलून दिल्यावर तुम्ही पुन्हा लटकता. वासा करकरतो, तळहातात कुसळ घुसतं, आणि दगडाची कड हलते! अगदी थोडी. तुम्ही चार बोटं खाली आलात तेव्हा ती एक बोट वर गेली. तेवढ्यात म्हातारा फटीत पाचर ठोकतो, वासा नव्यानं लावतो आणि तुम्ही पुन्हा लटकता.

हिशेब साधा आहे. तुमचं वजन वीस किलो धरू. चौपट लांब बाजूवर ते ऐंशी किलोंचं काम करतं. दगड दीडशेचा असला तरी म्हाताऱ्याला अख्खा दगड उचलायचाच नाहीये, नुसती एक कड उचलायची आहे. अर्धा भार दुसरी कड जमिनीवर टेकून पेलते. या प्रमाणाचा नियम ग्रीक विद्वान आर्किमिडीजनं आजपासून सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी मांडला. म्हाताऱ्यानं त्याचं नाव ऐकलेलं नाही, आणि तुमचं त्यावाचून काही अडलेलं नाही.

शाळेत आपण मुलांना आधी तरफेचे तीन प्रकार पाठ करायला लावतो आणि मग चित्रातल्या आडकित्त्याकडे बोट दाखवतो. मला हा क्रम मुळीच पटत नाही. लहान मुलाला आधी वासा द्यावा, आणि टेकू चुकीच्या जागी ठेवू द्यावा. वासा हलत नाही म्हणून ते चिडलं, की टेकू कुठे हवा हे विचारायला आपणहून येतं. नावं त्यानंतर सांगितली की ते विसरत नाही.

दगड खाचेतून सुटतो. पुढचं काम ओंडक्यांचं आणि उतरत्या फळ्यांचं. ते बघायला तुम्ही थांबणारच होता, पण भरती लागलीय आणि आईनं कान धरून होडीत बसवलंय.

होडीत तांडेल वल्हं मारतोय. वल्हं काठाला दोरीच्या फासात अडकवलेलं. तुमची नजर आपोआप त्या फासावर जाते. टेकू हाच! पण हे उलटंच दिसतंय. पाण्याकडची बाजू लांब, हाताकडची आखूड. मग इथे जोर जास्त लागायला हवा. तुम्ही हट्ट करून वल्हं मागता. लागतोच, दंड भरून येतात. पण हात वीतभर सरकला की पातं पाण्यात केवढं लांब कापत जातं! होडीला तेच हवं असतं: जोर माणसानं द्यायचा आणि अंतर वल्ह्यानं काढायचं. तुम्ही मूठ मागे सरकवत वल्ह्याच्या अगदी टोकाशी नेता. आता जरा हलकं जातंय. दात-ओठ खाऊन तुम्ही ओढता, पुन्हा ओढता, आणि होडीचं नाक गर्रकन फिरतं.

‘‘अरे, एकाच बाजून वल्हवलंस तर परत बेटारच जातलंस!’’ तांडेल ओरडतो.