एका ठिणगीचे दोन वंश

१९८८ साली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली ती नागपूरच्या १ मेगावॉटच्या ट्रान्समीटरवरून, मीडियम वेव्हवर, १५६६ किलोहर्ट्झला. १ मेगावॉट म्हणजे सेकंदाला १० लाख ज्यूल ऊर्जा. हा प्रवाह सलग वाटतो, पण असतो सुट्या दाण्यांचा. एकेक दाणा म्हणजे एकेक फोटॉन. त्याची ऊर्जा काढायची रीत सोपी आहे : प्लांकच्या स्थिरांकाला कंप्रतेने गुणायचे. १५६६ किलोहर्ट्झसाठी उत्तर येते साधारण १० चा उणे २७ वा घात ज्यूल. मग नागपूरच्या मनोऱ्यावरून सेकंदाला किती फोटॉन सुटत असतील? एकावर तेहतीस शून्ये द्यावीत, जवळपास तेवढे.

रेडिओ केंद्रावरच्या इंजिनिअरला या आकड्याची गरज कधीच पडली नाही. त्याचा हिशेब व्होल्ट, अँपिअर आणि वॅटचा. फोटॉनचा विषय भौतिकीच्या वर्गातला, रेडिओचा विषय इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गातला, अशी वाटणी पुढे कायमची झाली. प्रत्यक्षात या दोघांचा जन्म एकाच खोलीत, एकाच माणसाच्या हातून आणि एकाच प्रयोगात झाला.

ती खोली जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यालयातली. हाइनरिश हर्ट्झ तिथे १८८६-८७ मध्ये मॅक्सवेलच्या विद्युतचुंबकीय लहरी खरोखर असतात का, ते तपासत होता. एका बाजूला ठिणगी पाडायची आणि काही अंतरावर ठेवलेल्या तारेच्या कड्यातल्या बारीक फटीत दुसरी ठिणगी पडते का ते पाहायचे, अशी मांडणी. ही दुसरी ठिणगी इतकी फिकट असे की ती नीट दिसावी म्हणून हर्ट्झने तिच्याभोवती काळोखी पेटी बसवली. आणि ठिणगी आखूड झाली! फट पूर्वीपेक्षा कमी केल्याशिवाय ती पडेना.

दुसऱ्या कोणी पेटी बाजूला सारून आपले काम पुढे रेटले असते. हर्ट्झ थांबला. पेटीची कोणती बाजू अडथळा आणते ते त्याने एकेक करून पाहिले. पहिल्या ठिणगीच्या दिशेची भिंतच दोषी निघाली. तिच्या जागी काच धरली तरी परिणाम तोच. क्वार्ट्झ धरला की मात्र ठिणगी पुन्हा लांब. काच अतिनील प्रकाश अडवते, क्वार्ट्झ अडवत नाही. म्हणजे पहिल्या ठिणगीतला अतिनील प्रकाश दुसऱ्या फटीतल्या धातूवर पडून ठिणगीला मदत करत होता. १८८७ मध्ये त्याने हे निरीक्षण छापले, कारणाबद्दल कोणताही सिद्धान्त न मांडता, आणि तो आपल्या लहरींकडे परतला. पुढच्याच वर्षी त्या लहरी सिद्ध झाल्या. १ जानेवारी १८९४ रोजी, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी तो गेला. आपल्या एका प्रयोगातून केवढे दोन वंश निघणार आहेत, हे पाहायला तो उरला नाही.

लहरींचा वंश झपाट्याने फोफावला. १८९५ मध्ये कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी मिलिमीटर लांबीच्या लहरी भिंतीपार पाठवून दाखवल्या, १९०१ मध्ये मार्कोनीने अटलांटिक ओलांडला. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, तेव्हा त्याच्या ट्रान्समीटरची ताकद होती दीड किलोवॉट.

दुसऱ्या वंशाची वाट वळणांची. हर्ट्झच्या हाताखाली बॉनमध्ये काम केलेल्या फिलिप लेनार्डने १९०२ मध्ये एक विचित्र गोष्ट दाखवली. अतिनील प्रकाश धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढतो, हे तोवर कळले होते. लेनार्डने प्रकाशाची तीव्रता वाढवत नेली. इलेक्ट्रॉनांची संख्या वाढली, पण एकेका इलेक्ट्रॉनचा जोर तसूभरही वाढला नाही. तो जोर ठरत होता प्रकाशाच्या रंगावर, म्हणजेच कंप्रतेवर. लहर मानली तर याचा उलगडा होईना. जोरदार लहरीने जोरदार धक्का द्यायला हवा, नाही का?

उलगडा केला तो पेटंट कचेरीतल्या एका २६ वर्षांच्या कारकुनाने. १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनमध्ये माक्स प्लांकने तापलेल्या वस्तूंच्या प्रारणाचे गणित जुळवताना ऊर्जा ठरावीक पुंजांत विभागली होती. त्याच्या लेखी ती गणिताची सोय होती. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये ती सोय खरी मानली : प्रकाशच पुंजांचा बनलेला आहे, एक पुंज एका इलेक्ट्रॉनला भिडतो, आणि पुंजाची ऊर्जा कंप्रतेच्या प्रमाणात असते. खुद्द प्लांकला हे पटायला वेळ लागला. १९१३ मध्ये प्रशियन अकादमीसाठी आइन्स्टाइनची शिफारस करताना त्याने आणि सहकाऱ्यांनी लिहिले होते की प्रकाशपुंजांच्या तर्कात याचा नेम कदाचित चुकला असेल, पण तेवढ्यावरून त्याला दोष देऊ नये. रॉबर्ट मिलिकन तर ही कल्पना खोटी पाडायच्या ईर्षेने वर्षानुवर्षे प्रयोग करत राहिला. १९१६ मध्ये त्याच्याच आकड्यांनी आइन्स्टाइनचे समीकरण खरे ठरवले. १९२४ मध्ये ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी या पुंजांची मोजणी करायची नवी रीत आइन्स्टाइनला कळवली. ‘फोटॉन’ हे नाव रूढ झाले ते १९२६ मध्ये गिल्बर्ट लुईसच्या पत्रानंतर. मुंबईचे केंद्र सुरू झाले त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, ब्रुसेल्सची सॉल्व्हे परिषद ‘इलेक्ट्रॉन आणि फोटॉन’ या विषयावर भरली.

या दोन वंशांना एकत्र आणले की लेनार्डचा धडा रेडिओलाही लागू पडतो. ट्रान्समीटरची ताकद दीड किलोवॉटवरून १ मेगावॉटवर नेली तर सुटणारे फोटॉन सुमारे ६६६ पट वाढतात. कंप्रता तीच असेल तर एकेक फोटॉन जसाच्या तसा राहतो. हिरव्या प्रकाशाचा एक फोटॉन नागपूरच्या फोटॉनहून जवळपास ३५ कोटी पट दमदार असतो. एफएमवर, समजा १०० मेगाहर्ट्झला, फोटॉन मीडियम वेव्हच्या ६४ पट भारी, तरीही तो जस्ताच्या पत्र्यातून इलेक्ट्रॉन काढू शकत नाही, की रेणूचे बंध तोडू शकत नाही. मोबाइलच्या मनोऱ्यांबद्दल बोलताना क्ष-किरण आणि रेडिओ लहरी एकाच सुरात ‘रेडिएशन’ म्हणून उच्चारल्या जातात, तेव्हा हा फरक आवर्जून सांगायला हवा. त्याचा अर्थ रेडिओची ऊर्जा निरुपद्रवीच असा मात्र नाही. मीडियम वेव्हच्या अनेक केंद्रांवर अख्खा मनोराच अँटेना असतो, पोर्सेलिनच्या इन्सुलेटरवर उभा. चालू मनोऱ्याला हात लावला तर मांस भाजते. तिथे इजा होते ती असंख्य फोटॉनांनी मिळून निर्माण केलेल्या उष्णतेने.

घरातल्या रेडिओपर्यंत पोचेस्तोवर या लोंढ्याचे काय उरते? चांगला एफएम रिसीव्हर ५० ओहमच्या टोकावर १ मायक्रोव्होल्ट इतका क्षीण संदेशही पकडतो. ही ताकद म्हणजे एका वॅटच्या ५० लाख कोटी भागांपैकी एक भाग. फोटॉनांत मोजले तर सेकंदाला तीस हजार कोटी, लहरीच्या प्रत्येक हेलकाव्यात सुमारे तीन हजार. इतकी गर्दी असल्यावर दाणे वेगळे कळत नाहीत, सलग लहरच हाती येते.

गर्दी हे एक कारण. दुसरे कारण उष्णता. खोलीच्या तापमानाला प्रत्येक वस्तूत अणूंची जी आपोआप हालचाल चालते, तिची ऊर्जा मीडियम वेव्हच्या एका फोटॉनच्या सुमारे ४० लाख पट असते. एकटादुकटा रेडिओ-फोटॉन त्या खळबळीत सापडणार कसा? नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना दूरच्या आकाशगंगांतून येणारे अतिक्षीण रेडिओ संदेश टिपतात. पण तिथेही फोटॉन मोजत नाहीत, लहरी जुळवतात.

एकेक फोटॉन ओळखायचा तर थंडी हवी. पॅरिसमध्ये सेर्ज हारोश यांनी अतिवाहक आरशांच्या पेटीत ५१ गिगाहर्ट्झचा एक फोटॉन पकडून ठेवला, तो न गिळता त्याच्यावर नजर ठेवली, आणि या कामासाठी २०१२ चे नोबेल मिळवले. तो सूक्ष्मलहरींचा प्रांत होता. थेट रेडिओच्या पट्ट्यात हे साधले २०१९ मध्ये : नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या प्रयोगशाळेत अतिवाहक मंडलाच्या मदतीने १७३ मेगाहर्ट्झचे फोटॉन एक, दोन असे वेगवेगळे ओळखता आले. आपल्या एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो.