श्रीलंकेतील वाटाघाटींची पूर्वतयारी आणि भिक्खुसंघ

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थ गौतमाच्या गृहत्यागाचे जे कारण दिले आहे, ते आमच्या वाचकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा झाला, सेनापतीने शाक्य संघापुढे युद्धाचा ठराव मांडला आणि सिद्धार्थाने त्यास विरोध केला. परंतु या विरोधाचे स्वरूप पुष्कळदा नजरेआड होते. सिद्धार्थ केवळ ‘युद्ध नको’ एवढे म्हणून खाली बसला नाही. शाक्यांनी आपल्यातून दोन माणसे निवडावीत, कोलियांनी त्यांच्यातून दोन निवडावीत, या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी तंट्याचा निकाल लावावा, अशी रीतसर सूचना त्याने संघापुढे ठेवली. ती बहुमताने फेटाळली गेली. बाबासाहेबांच्या मांडणीप्रमाणे पाहिले तर धम्माच्या इतिहासाच्या उंबरठ्यावरच वाटाघाटींच्या पूर्वतयारीचा एक प्रस्ताव उभा आहे.

हा प्रसंग ध्यानात ठेवून आम्ही येथे श्रीलंकेच्या इतिहासातील २००२ या वर्षाचा विचार करणार आहोत. त्या वर्षी तेथील सरकार आणि ‘लिबरेशन टायगर्स ऑफ तमिळ ईलम’ ही बंडखोर संघटना यांच्यात युद्धविराम होऊन प्रत्यक्ष वाटाघाटींची तयारी झाली. या विषयाकडे वळण्याचे कारण उघड आहे. श्रीलंका हा आपल्या श्रद्धेचा देश आहे. पाली तिपिटक प्रथम लेखनिविष्ट झाले ते तेथे. अनागारिक धर्मपाल तेथले. १९५० साली कँडी येथे जागतिक बौद्ध परिषद भरली तेव्हा बाबासाहेब स्वतः तेथे गेले होते, आणि कोलंबो येथील भाषणात त्यांनी तेथील अस्पृश्यांनाही बौद्ध धम्म स्वीकारण्याचे आवाहन केले होते. अशा देशातील भिक्खुसंघाचा मोठा व प्रभावी भाग वाटाघाटींच्या विरोधात का उभा राहिला, हा प्रश्न आपण टाळू नये असे आम्हांस वाटते.

या विरोधाची मुळे जुनी आहेत. १९५६ साली नागपुरात धम्मचक्र फिरले. त्याच वर्षी श्रीलंकेत सिंहली ही एकमेव राजभाषा ठरविणारा कायदा झाला. पंतप्रधान बंडारनायके भिक्खूंच्या संघटित पाठिंब्यावर निवडून आले होते. पुढील वर्षी, २६ जुलै १९५७ रोजी, त्यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार केला. त्यात तमिळ भाषेला मर्यादित मान्यता आणि प्रादेशिक परिषदांची तरतूद होती. ९ एप्रिल १९५८ रोजी भिक्खूंनी पंतप्रधानांच्या निवासस्थानापुढे ठाण मांडले आणि करार रद्द झाल्याचे लेखी घेऊनच ते उठले. सप्टेंबर १९५९ मध्ये बंडारनायके यांचा वध एका भिक्खूच्या हातून झाला व त्या कटात केलनिय विहाराचा प्रमुख दोषी ठरला. चीवर धारण केलेल्या माणसाच्या हातात पिस्तूल असावे, ही घटना आम्हांस लिहिताना आजही जड जाते.

पुढची चाळीस वर्षे येथे थोडक्यात सांगणे भाग आहे. १९८१ मध्ये जाफना येथील ग्रंथालय, सुमारे ९७ हजार ग्रंथांसह, जाळण्यात आले. १९८३ च्या जुलैमध्ये कोलंबोत तमिळांची कत्तल झाली. दुसऱ्या बाजूने १९८५ मध्ये टायगर्सनी अनुराधपूरच्या बोधिवृक्षाच्या परिसरात यात्रेकरूंना गोळ्या घातल्या, १९८७ मध्ये अरन्तलाव येथे बसमधून जाणाऱ्या ३० हून अधिक भिक्खूंची हत्या केली, त्यांत बहुतेक कोवळे सामणेर होते, आणि १९९८ मध्ये कँडीच्या दंतधातु मंदिरावर बॉम्बहल्ला केला. भिक्खूंच्या मनातील भय निराधार होते असे जो म्हणेल त्याने ही नावे आठवावीत.

या काळात बोलणी झाली नाहीत असे नाही. १९८५ मध्ये थिंफू येथे झाली, १९८९-९० मध्ये कोलंबोत झाली, १९९४-९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष चंद्रिका कुमारतुंगा यांच्या कारकिर्दीत झाली. शेवटच्या खेपेस ८ जानेवारी १९९५ पासून शस्त्रे थांबली, परंतु थांबली आहेत की नाही हे पाहणारी प्रभावी यंत्रणा उभी राहू शकली नाही. उभयपक्षी पत्रे मात्र पुष्कळ गेली. १९ एप्रिल रोजी त्रिंकोमालीच्या बंदरात टायगर्सनी नौदलाच्या दोन बोटी उडविल्या आणि सर्व संपले.

२००२ ची तयारी या अनुभवातून शहाणी झालेली होती, हे मान्य केले पाहिजे. नॉर्वेचे प्रतिनिधी एरिक सोलहाइम हे २००० सालापासून कोलंबो, वन्नी आणि लंडन यांच्यात निरोपांची ने-आण करीत होते. डिसेंबर २००१ मध्ये रनिल विक्रमसिंघे पंतप्रधान झाले. टायगर्सनी २४ डिसेंबरपासून एकतर्फी युद्धविराम जाहीर केला व सरकारने त्यास प्रतिसाद दिला. मग कराराचा मसुदा तयार झाला. प्रभाकरन यांनी वन्नीत आणि पंतप्रधानांनी २२ फेब्रुवारी २००२ रोजी वव्हुनिया येथे त्यावर सही केली. दोघे समोरासमोर आले नाहीत. ज्यांना एकमेकांशी हस्तांदोलन करणे अजून शक्य नव्हते त्यांची सही एका कागदावर आणणे, हीच मध्यस्थाची कुशलता होय.

या करारातील कलमे सामान्य माणसाच्या दिनक्रमाशी निगडित होती. सैन्याने किंवा टायगर्सनी ताब्यात घेतलेली प्रार्थनास्थळे ३० दिवसांत रिकामी करावयाची होती, शाळांच्या इमारती १६० दिवसांत. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड आणि आइसलँड या पाच देशांच्या निःशस्त्र निरीक्षकांचे मंडळ नेमले गेले. टायगर्सचे वाटाघाटकार अँटन बालसिंघम मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी होते. त्यांना मार्चमध्ये मालदीवहून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने वन्नीतील तलावात आणण्यात आले. सप्टेंबरच्या प्रारंभी सरकारने संघटनेवरील बंदी उठविली, कारण बंदी असलेल्या संघटनेशी टेबलावर बसणार नाही अशी त्यांची अट होती. त्यानंतर १६ सप्टेंबर रोजी थायलंडमधील सत्ताहिप येथे पहिली फेरी सुरू झाली.

यातील एक गोष्ट विशेष आहे. ८ एप्रिल रोजी कँडी-जाफना महामार्ग बारा वर्षांच्या खंडानंतर नागरिकांसाठी खुला झाला, आणि सिंहली बौद्ध यात्रेकरूंचे जथे नागदीपाकडे जाऊ लागले. ‘महावंस’ या ग्रंथाच्या परंपरेप्रमाणे तथागतांनी लंकेस दुसरी भेट दिली ती याच नागदीपाला, आणि कारण असे सांगितले आहे की महोदर व चूळोदर हे नागराजे, मामा आणि भाचा, एका रत्नजडित सिंहासनासाठी युद्धास उभे ठाकले होते. तथागतांनी मध्ये पडून ते युद्ध थांबविले. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा टिकणार नाही हे उघड आहे. परंतु लंकेचा संघ आपल्या राष्ट्राभिमानासाठी ज्या ग्रंथाचा आधार घेतो, त्याच ग्रंथात तथागत मध्यस्थ म्हणून येतात, हे त्या ग्रंथातील दुट्ठगामणीचा विजय वारंवार सांगणाऱ्यांनी क्वचितच सांगितले.

आता उणिवेकडे वळू. विनयपिटकात संघकर्माचे जे नियम आहेत त्यांचे स्मरण येथे उपयोगी पडेल. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढील भाषणात बाबासाहेबांनी भिक्खुसंघाला संसदीय कार्यपद्धती ज्ञात होती याचा दाखला दिला होता, तो याच नियमांचा. कोणताही निर्णय घेण्यापूर्वी ‘ञत्ति’, म्हणजे प्रस्तावाची घोषणा, संपूर्ण संघापुढे करावी लागते. सीमेच्या आतील प्रत्येक अधिकारी भिक्खू हजर असला पाहिजे. आजारामुळे येऊ न शकणाऱ्याचा ‘छन्द’, म्हणजे संमती, आणावी लागते. तसे न करता काही जणांनीच केलेले कर्म हे ‘वग्गकम्म’, तुटक संघाचे कर्म. ते वैध नव्हे, मग निर्णय कितीही योग्य असो.

२२ फेब्रुवारीचा करार ही आमच्या मते अशा तुटक संघाच्या कर्माचीच गत होती. राष्ट्राध्यक्ष कुमारतुंगा या सैन्याच्या सर्वोच्च प्रमुख. पण त्या विरोधी पक्षाच्या होत्या आणि मसुद्याबाबत आपणास विचारले गेले नाही अशी त्यांची उघड तक्रार होती. सही होण्यापूर्वी मसुदा संसदेत चर्चेस आला नाही. ऑक्टोबर १९९० मध्ये टायगर्सनी उत्तरेतून सुमारे ७० हजार मुसलमानांना हाकलून दिले होते. त्यांचे नेते रौफ हकीम यांनी एप्रिलमध्ये प्रभाकरन यांच्याशी परतीविषयी समझोता केला, पण वाटाघाटीत मुसलमानांचे स्वतंत्र शिष्टमंडळ नव्हते, हकीम सरकारच्या शिष्टमंडळात बसले. आणि भिक्खुसंघ? मल्वत्त व अस्गिरिय येथील महानायक थेरांच्या भेटी घेणे हा तेथील प्रत्येक राज्यकर्त्याचा परिपाठ आहे. भेटी झाल्या असतील, आशीर्वाद मिळाले असतील. पण भेट म्हणजे ञत्ति नव्हे. खेड्यातील विहारात राहणाऱ्या भिक्खूला, ज्याच्या गावातील दायकांची मुले सैन्यात मेली, त्याला सत्तावाटपाची कल्पना समजावून सांगण्यास कोणी गेले नाही. प्रतिपक्षाशी बोलण्याची तयारी पूर्ण होती. आपल्या लोकांशी बोलण्याची नव्हती.

टायगर्सबाबत तर आम्हांस याहून कठोर लिहावे लागते. तमिळांमधील अन्य मत त्यांनी वर्षानुवर्षे बंदुकीने गप्प केले होते. युद्धविरामातही बालसैनिकांची भरती आणि विरोधकांच्या हत्या थांबल्या नाहीत. ज्यांच्या बाजूला ‘छन्द’ देण्यास कोणी मोकळेच नव्हते, त्यांच्याशी केलेल्या कराराचा पाया किती पक्का असणार?

याउलट, संघ सर्वस्वी एका बाजूला होता असेही नाही. २००१ साली संसदेत निवडून आलेले पहिले भिक्खू बद्देगम समित हे डाव्या पक्षाचे होते आणि तमिळांना सत्तेत वाटा मिळावा या मताचे होते. सर्वोदय चळवळीचे आर्यरत्न यांनी मार्च २००२ मध्ये अनुराधपूर येथे शांततेसाठी सामुदायिक ध्यान योजले, त्याला लाखो लोक आले. बाबासाहेबांच्या ग्रंथात सिद्धार्थ निघून गेल्यानंतर पाच परिव्राजक त्याला वार्ता आणतात, की शाक्य आणि कोलिय प्रजेने युद्धाविरुद्ध मिरवणुका काढल्या, संघाला वाटाघाटी पुन्हा सुरू कराव्या लागल्या, दोन्ही बाजूंनी पाच-पाच माणसे निवडली गेली. अनुराधपूरचा तो जनसमुदाय अशा वार्तेच्या जवळ जाणारा होता. मात्र तो एका दिवसापुरता जमला आणि पांगला. त्याला कोणी शिष्टमंडळाशी जोडून घेतले नाही.

मार्च २००३ पर्यंत सहा फेऱ्या झाल्या. डिसेंबर २००२ मध्ये ऑस्लो येथे उभय पक्षांनी संघराज्याच्या चौकटीचा शोध घेण्याचे मान्यही केले होते. एप्रिल २००३ मध्ये टायगर्सनी बोलणी स्थगित केली. नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांनी संरक्षणासह तीन खाती आपल्या हाती घेतली. फेब्रुवारी २००४ मध्ये ‘जातिक हेल उरुमय’ हा पक्ष स्थापन झाला. त्याने त्या एप्रिलच्या निवडणुकीत केवळ भिक्खूच उमेदवार म्हणून उभे केले आणि त्यांतील नऊ जण संसदेत गेले. ज्यांना सभेस बोलावले नव्हते ते अशा रीतीने सभेत आले, आणि त्यांनी युद्धविरामाच्या विरोधात आपला आवाज दिला. महामार्ग ऑगस्ट २००६ मध्ये पुन्हा बंद झाला. जानेवारी २००८ मध्ये सरकारने नॉर्वेला कळवून करारातून अंग काढले आणि निरीक्षक मायदेशी परतले. मे २००९ मध्ये युद्ध संपले तेव्हा शेवटच्या काही महिन्यांत मेलेल्या नागरिकांची संख्या ४० हजारांपर्यंत असू शकेल, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये नमूद केले.