पोर्टेबल जनरेटरला ऑटोमॅटिक चेंजओव्हर : घरी बसवण्याआधी हे बघा

पावसाळा तोंडावर आला की तालुक्याच्या बाजारात छोट्या जनरेटरची चौकशी वाढते. गावठाण फिडरवर लाईटचा लपंडाव सुरू झाला, की फ्रिजमधली जनावरांची लस, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं ऑक्सिजनचं मशीन, पिल्लांच्या शेडमधला बल्ब, कशासाठी ना कशासाठी तरी जनरेटर लागतोच. आता त्याच्या जोडीला "एटीएस" नावाची पेटीही विकली जाते. एटीएस म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्सफर स्विच, आपल्या भाषेत आपोआप फिरणारा चेंजओव्हर.

आधी माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी वादळात पोल पडले आणि दोन दिवस लाईट नव्हती. मी दोन्ही टोकांना पिना असलेली वायर केली, एक टोक जनरेटरला आणि दुसरं घरातल्या सॉकेटला लावलं. घर उजळलं. मेन स्विच पाडायचा राहून गेला होता. तासाभरात वायरमन दारात उभा, संतापलेला. पोलवर चढण्याआधी त्याने टेस्ट लॅम्प लावून बघितला म्हणून तो वाचला. डीपी बंद होती, तार मात्र जिवंत होती, ती माझ्या जनरेटरमुळे.

यालाच बॅकफीड म्हणतात. गावातली डीपी 11,000 व्होल्टचे 433 व्होल्ट करते, त्यातून आपल्या घरी सिंगल फेजचे 230 येतात. जनरेटरची वीज उलटी गेली तर तीच डीपी 230 चे हजारो व्होल्ट करू शकते. बऱ्याचदा शेजाऱ्यांच्या लोडने जनरेटर दबून बंद पडतो हे खरं. पण तार तुटलेली असेल किंवा डीपीचे फ्यूज काढलेले असतील तर तो दबत नाही, आणि माणूस कामाला चढतो ते नेमकं अशाच वेळी. चढणारा अनेकदा आपल्याच गावचा झिरो वायरमन असतो, हातमोज्याविना.

म्हणून चेंजओव्हरचं पहिलं काम घराला लाईट देणं नाही, तर घर एका वेळी एकाच बाजूला जोडलेलं ठेवणं आहे. आपोआप फिरणं ही नंतरची सोय.

एटीएस चालतो कसा

पेटी महावितरणच्या बाजूचा व्होल्टेज सतत बघत असते. लाईट गेली की ती काही सेकंद थांबते, कारण झटका येऊन लगेच परत येणारी लाईट आपल्याकडे नेहमीचीच. मग जनरेटरला चालू होण्याचा इशारा देते, व्होल्टेज स्थिर झाला की घर तिकडे फिरवते. लाईट आली तरी लगेच परतत नाही. ठरवलेली मिनिटं थांबते, घर लाईनवर घेते आणि जनरेटर थोडा वेळ रिकामा चालवून बंद करते. हा परतीचा वेळ दोन-तीन मिनिटांपेक्षा कमी ठेवू नका. नाहीतर लाईट येते-जाते तसे कॉन्टॅक्टर खटखट करत राहतात आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर मार खातो.

खरी अडचण पुढे आहे. दोरी ओढून चालू होणाऱ्या जनरेटरला एटीएस इशारा देईल, पण दोरी कोण ओढणार? चावीचा, बॅटरीवाला असला तरी पेट्रोल इंजिनला चोक लागतो, तो ओढणारी सोय कंट्रोलरमध्ये पाहिजे. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा : या मॉडेलला बाहेरून दोन वायरींवर स्टार्ट देता येतो का? उत्तर गुळमुळीत आलं तर साधा हाताचा चेंजओव्हर घ्या. तो स्वस्त आहे, बिघडत नाही आणि बॅकफीड तितकंच अडवतो. किंवा असा एटीएस घ्या, की जनरेटर आपण हाताने चालू करायचा आणि तो फक्त घर फिरवील. माझ्या घरी आज हेच आहे.

ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या पेट्यांमध्ये मेकॅनिकल इंटरलॉक आहे का ते बघा, म्हणजे दोन्ही बाजू एकदम चालू होणं यंत्रानेच अशक्य केलेलं असावं. नुसत्या वायरिंगच्या इंटरलॉकवर भरवसा ठेवू नका, कॉन्टॅक्टर चिकटतात.

सिंगल फेजलाही स्विच दोन पोलचा हवा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही फिरले पाहिजेत. फक्त फेज फिरवला तर आपला न्यूट्रल पोलवरच्या न्यूट्रलला जोडलेलाच राहतो. आणखी एक गोष्ट वायरिंगवाले विसरतात. बहुतेक पोर्टेबल जनरेटरचा न्यूट्रल बॉडीला किंवा अर्थला जोडलेला नसतो. मग घरातला आरसीसीबी गळती झाली तरी पडत नाही. हा न्यूट्रल जनरेटरपाशी एकाच ठिकाणी अर्थ करावा लागतो, पण कंपनीचं पुस्तक वाचून आणि परवानाधारक ठेकेदाराकडूनच. घराचं अर्थिंग कोरडं पडलं असेल तर आधी खड्ड्यात पाणी घाला, दुरुस्त करून घ्या.

लोडचा हिशेब

जनरेटरवर दोन आकडे असतात, "मॅक्स" आणि "रेटेड". आपला आकडा रेटेडचा, आणि त्याच्याही 80 टक्क्यांपर्यंतच चालवावं. जुना पंखा 75 वॅट, एलईडी 9, फ्रिज चालताना 150 ते 200, पण सुरू होताना त्याच्या तिप्पट किंवा जास्त. एक एचपीची मोटर चालताना हजार वॅटच्या आसपास घेते आणि सुरू होताना करंट पाच-सहा पट ओढते. 2 केव्हीएच्या मशीनवर ती धरू नका. गिझर, इस्त्री, घरगुती चक्की तर नाहीच.

हाताने चालवताना आपण एकेक बटण लावतो. एटीएस सगळं एकदम अंगावर टाकतो. म्हणून गरजेची सर्किटं वेगळ्या छोट्या बोर्डावर घ्या आणि तेवढाच बोर्ड एटीएसमागे ठेवा. घरात इन्व्हर्टर असेल तर तो त्या बोर्डावर चालतो, मधली काही सेकंदं तोच भरून काढतो. मात्र जनरेटरवर चार्ज होत नसेल तर त्याचं बटण "यूपीएस"वरून "नॉर्मल"वर करा. कॉम्प्युटर असेल तर आधी त्याचा विचार करा.

मशीन कुठे ठेवायचं याचा बहुतेक लोक सगळ्यात शेवटी विचार करतात. आपोआप चालू होणारं मशीन रात्री दोनला, सगळे झोपेत असताना चालू होतं. पडवीत, गोठ्याच्या कोपऱ्यात, खिडकीखाली ठेवलं तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. किमान वीस फूट लांब, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला, वर पावसापासून छप्पर पण बाजू उघड्या, आणि कडब्याची गंजी जवळ नको. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नका.

महिन्यातून एकदा मेन स्विच पाडून बघा. एटीएसने घर फिरवलं का, आणि जनरेटर चालू असताना मीटरकडून येणाऱ्या तारेवर टेस्टर पेटतो का? या वेळी लाईनची लाईट पोलवरूनच बंद हवी, म्हणून ही तपासणी लोडशेडिंगमध्ये ठेकेदाराला घेऊन करा. टेस्टर पेटला तर जनरेटर तिथेच बंद करा. आणि घरी जनरेटर बसवलाय हे गावच्या वायरमनला सांगून ठेवा, म्हणजे पोलवर चढण्याआधी तो तुमच्या घराकडे एक नजर टाकील.