ठाणे-कल्याण परिसरातील ज्वालामुखीजन्य भूरूपे

ठाणे खाडीपासून सह्याद्रीच्या घाटमाथ्यापर्यंत पसरलेले बेसाल्टचे डोंगर, कडे, सुळके आणि त्यांच्या परिसरातील उन्हेरे (गरम पाण्याचे झरे). सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून शिळारस वारंवार बाहेर आला आणि थरावर थर साचून दख्खनचा कातळ तयार झाला. तो आज सु. ५ लाख चौ. किमी. क्षेत्रावर शिल्लक आहे. शिळारस मुख्यतः भेगांतून वाहिल्यामुळे या भागात शंकूच्या आकाराचा पर्वत किंवा त्याच्या माथ्यावरचे विवर शोधू नये. येथील ज्वालामुखी पाहायचा तो डोंगराच्या उभ्या कापात.

रचना : कठीण प्रवाहांचे उभे कडे होतात. सच्छिद्र, ठिसूळ थर लवकर झिजतात व त्यांच्या गवताळ पट्ट्या उरतात. त्यामुळे डोंगराला पायऱ्यांचे रूप येते. या खडकांना ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दही पायरी या अर्थाच्या स्कँडिनेव्हियन शब्दावरून आला. दोन प्रवाहांमध्ये काही ठिकाणी तांबड्या मातीसारखा थर दिसतो. दोन उद्रेकांमधल्या काळात खडकाची झीज झाली होती, याची ती खूण. किनाऱ्याकडे हे थर पश्चिमेस कललेले आहेत. भूवैज्ञानिक जे. बी. ऑडेन यांनी १९४९ मध्ये या वाकाला पनवेलचे नाव दिले.

प्रमुख स्थळे : (१) पारसिक डोंगर : ठाणे खाडीच्या पूर्वेस, मुंब्र्याच्या पाठीशी असलेली रांग. तिच्यातून १९१६ मध्ये सु. १.३ किमी. लांबीचा रेल्वे बोगदा काढण्यात आला. पावसाळ्यात मुंब्र्याच्या कड्यांवरून पाणी कोसळते. खाडीच्या पश्चिमेस येऊरचे डोंगर असून ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहेत.

(२) मलंगगड : कल्याणच्या दक्षिणेस, अंबरनाथ तालुक्यात. उंची सु. ७९० मी. पायथ्याचा उतार, मधली माची व वरचा उभा सुळका असे तीन टप्पे दुरूनही ओळखता येतात. माचीवर हाजी मलंग दर्गा असून नाथपंथीय परंपरेतही हे स्थान पूज्य आहे.

(३) माहुली : शहापूर तालुक्यात, आसनगाव स्थानकाजवळ. उंची सु. ८५८ मी. पळसगड, माहुली व भंडारगड असे याचे तीन भाग आहेत. शेजारच्या सुळक्यांना लोकांनी नवरा, नवरी, करवली, भटोबा अशी नावे दिली. झिजेने मूळ डोंगरापासून सुटे झालेले हे कातळ लोकांच्या नजरेत लग्नाचे वऱ्हाड ठरले आहे.

(४) नाणेघाट व गोरखगड : दोन्हींकडे मुरबाडवरून जाता येते. नाणेघाट ही प्राचीन कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणारी व्यापारी वाट असून तेथील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. घाटाजवळचा नानाचा अंगठा व मुख्य कड्यापासून सुटलेले गोरखगड-मच्छिंद्रगड येथे थरांची उतरंड उघडी पडली आहे.

(५) वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी : भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठची गरम पाण्याची कुंडे. वज्रेश्वरीची टेकडी ज्वालामुखीची आहे असे सांगतात. तिचा दगड ज्वालामुखीचाच, पण पाण्याची उष्णता जुन्या लाव्ह्याची नव्हे. कोट्यवधी वर्षांत तो केव्हाच निवला. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, तेथील उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते. येथून राजापूरकडे किनाऱ्याला समांतर अशी उन्हेऱ्यांची मालिकाच आहे.

दगडाचा वापर : वालधुनी नदीकाठचे अंबरनाथचे शिवमंदिर (शके ९८२, इ. स. १०६०) याच काळ्या पाषाणात घडवले आहे. या पाषाणात शिळारसातील वायूचे बुडबुडे अडकून राहिलेल्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट, क्वार्ट्झ यांसारखी खनिजे साचली. काळ्या दगडातले पांढरे ठिपके म्हणजे बहुधा तीच.

निरीक्षण व जतन : पावसाळ्याच्या अखेरीस, आश्विनात, हवा स्वच्छ असते आणि गवत अजून हिरवे असते. काळे कडे व हिरव्या पट्ट्या यांमुळे तेव्हा लाव्ह्याचे प्रवाह एकेक करून मोजता येतात. भर पावसात निसरड्या कातळावर चढू नये. ठाणे व कल्याण यांच्या दरम्यानचे अनेक डोंगर खडीसाठी फोडले गेले आहेत. खाणीच्या ताज्या कापात थर स्वच्छ दिसतात हे खरे. परंतु फुटलेला डोंगर पुन्हा उभा राहत नाही. येथे दरवर्षी रस्त्यावर पसरल्या जाणाऱ्या खडीत या भूमीच्या जन्माचा पुरावा असतो, म्हणून उरलेल्या कड्यांचे जतन अगत्याचे आहे.