गंजिफा : पत्त्यांचा संच नेमका कोण रचतो?

१/ इ.स. १५२७. आजच्या परभणी जिल्ह्यातील पाथरीसाठी अहमदनगरची निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही यांच्यात झुंज चालू होती. फिरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे निजामशाहांचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते. त्यामुळे हा केवळ एका किल्ल्याचा प्रश्न नव्हता. त्याच वर्षी उत्तरेत बाबराने सिंधमधील ठठ्ठ्याच्या शाह हसनाकडे एक भेट धाडली. ती भेट होती गंजिफांची.

२/ शाह हसनाला या खेळाची आवड होती आणि त्याने पत्ते मागवले होते, अशी नोंद स्वतः बाबराने आपल्या आत्मचरित्रात केली आहे. हिंदुस्थानातील गंजिफेच्या इतिहासात ही नोंद आरंभबिंदूसारखी मानली जाते. पुढील काही शतकांत हा खेळ दिल्लीपासून म्हैसूरपर्यंत आणि सावंतवाडीपासून पुरीपर्यंत पोहोचला.

#गंजिफा #इतिहास #थ्रेड

३/ आजच्या तरुणांना पत्त्यांचा संच ‘रचणे’ ही कल्पना नवी नाही. १९९३ मध्ये रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ आणला. त्यात प्रत्येक खेळाडू स्वतःचा संच स्वतः घडवतो. किमान ६० पत्ते आणि, मूळ जमिनीचे पत्ते सोडल्यास, एकाच नावाचे चारांहून अधिक नाहीत, ही त्याची सर्वपरिचित मर्यादा. कोणता पत्ता घ्यावा, कोणता काढावा, यातच अर्धा खेळ असतो.

४/ गंजिफेत मात्र खेळाडूला हे स्वातंत्र्य नव्हते. संच त्याच्या हाती तयार येई. पण म्हणून संचाची जुळवाजुळव झालीच नाही असे नाही. ती झाली शतकानुशतके. बादशहाने केली, राजाने केली, चिताऱ्याने केली, आणि प्रत्येक वेळी ‘जगात बलवान कोण?’ या प्रश्नाचे नवे उत्तर पत्त्यांवर उमटले.

५/ पहिला पुरावा ‘आईन-इ-अकबरी’चा. अबुल फज्लने तेथे एका जुन्या संचाचे वर्णन दिले आहे : १२ रंग, प्रत्येक रंगात १२ पत्ते, एकूण १४४. प्रत्येक रंगात एक राजा, एक वजीर आणि एक ते दहा अंकांचे पत्ते. हे १२ रंग म्हणजे १२ प्रकारचे अधिपती.

६/ त्यांतील पहिले तीन पाहण्यासारखे आहेत. अश्वपती, ज्याचे बळ घोडदळात, दिल्लीच्या बादशहासारखा. गजपती, ज्याचे बळ हत्तींत, ओडिशाच्या राजासारखा. नरपती, ज्याचे बळ पायदळात, विजापूरच्या सुलतानांसारखा.

७/ दख्खनच्या इतिहासाचा विद्यार्थी येथे थबकतो. कारण अश्वपती, गजपती, नरपती ही त्रयी पत्त्यांसाठी निर्माण झालेली नाही. दख्खनच्या राजकीय परिभाषेत ती रूढ होती : सुलतान ते अश्वपती, ओडिशाचे राजे ते गजपती आणि विजयनगरचे राजे ते नरपती. अबुल फज्लने लिहिले तेव्हा १५६५ चे तालिकोटचे युद्ध होऊन गेले होते आणि विजयनगरचे वैभव ओसरले होते. नरपतीचे उदाहरण म्हणून त्याने विजापूर निवडले. पत्ता तोच राहिला, त्यामागचे सिंहासन बदलले.

८/ उरलेले नऊ रंगही एक पूर्ण विश्व उभे करतात. किल्ल्यांचा गढपती, खजिन्याचा धनपती, सैन्याचा दलपती, नौकांचा नवपती, स्त्रियांची अधिपती असलेली राणी, देवांचा सुरपती, असुर-जिन्नांचा अधिपती, वनाचा वनपती आणि सर्पांचा अहिपती. घोड्यापासून नागापर्यंत सारी सत्ता एका पेटीत.

९/ पुढे अबुल फज्ल सांगतो की बादशहाने या पत्त्यांत फेरबदल केले. अकबराच्या संचाचे त्याने वर्णिलेले रंग आठ : सुवर्णनाणे, बरात म्हणजे लेखी आदेश, किमाश म्हणजे मालमत्ता, चंग हे वाद्य, रौप्यनाणे, समशेर, ताज आणि गुलाम. नाग, वन, देव, असुर यांतून गेले; त्यांच्या जागी दरबार, टांकसाळ आणि दफ्तर आले.

१०/ या फेरबदलाचे खरे स्वारस्य लहान पत्त्यांत आहे. धनाच्या रंगात राजा द्रव्य वाटतो, वजीर खजिना तपासतो, आणि अंकांच्या पत्त्यांवर रत्नपारखी, धातू वितळवणारा, तोलणारा, नाणी पाडणारा, मोहरा मोजणारा असे टांकसाळीतील लोक येतात. बरातीच्या रंगात कागद करणारा, फर्मान लिहिणारा आणि बांधणी करणारा आढळतो. राज्य कोणाच्या हातांनी चालते, हे या पत्त्यांनी चित्रित केले. साम्राज्याचे कारखाने डावात उतरले.

११/ पुढे सर्वत्र पसरलेल्या मोगली गंजिफेचे रंग हेच आठ. पत्ते ९६. नियमांच्या दृष्टीने या संचातील सर्वांत चतुर योजना म्हणजे रंगांची विभागणी. चार रंग ‘बिशबर’, चार ‘कमबर’. ताज, सफेद, समशेर, गुलाम हे बिशबर. त्यांत राजा-वजिरानंतर दहा, नऊ, आठ असा उतरता क्रम आणि एक्का सर्वांत खाली. चंग, सुर्ख, बरात, किमाश हे कमबर. त्यांत राजा-वजिरानंतर एक्का सर्वांत वर आणि दश्शी सर्वांत खाली.

१२/ याचा परिणाम काय? कोणताही अंक स्वतःहून मोठा किंवा लहान राहत नाही. ताजातील दश्शी हात जिंकून देणारी, तर किमाशातील दश्शी टाकाऊ. या खेळात आजच्या अर्थाचा हुकूम नाही. एक रंग दुसऱ्या रंगाला मारत नाही. उतारीच्या रंगातील सर्वांत वरचा पत्ता हात जिंकतो. म्हणून कोणते पत्ते पडून गेले हे स्मरणात ठेवणे, हेच खेळाडूचे मुख्य शस्त्र. उलटा क्रम त्या स्मरणाचीच परीक्षा घेतो.

१३/ आता महाराष्ट्राकडे. येथे रुजलेली आणि सावंतवाडीने जगप्रसिद्ध केलेली गंजिफा म्हणजे दशावतारी. १० अवतारांचे १० रंग, प्रत्येकी १२ पत्ते, एकूण १२०. अवतार स्वतः राजा, त्याच्या खाली प्रधान, आणि मग मासा, कासव, कमंडलू, परशू, बाण अशा चिन्हांनी मोजलेले एक ते दहा. चिन्हे प्रांतोप्रांती थोडी बदलतात, रचना बदलत नाही.

१४/ मोगली संचातील विभागणी येथेही टिकली. केवळ चार-चारऐवजी पाच-पाच झाली. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन या रंगांत दश्शी वरची. परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की या रंगांत एक्का वरचा. बादशाही दरबारातील नियम आणि पुराणातील कथा यांचा हा सांधा इतका बेमालूम आहे की खेळणाऱ्याला तो जाणवतही नसे.

१५/ दिवस आणि रात्र यांचा नियमही असाच सांधला गेला. मोगली गंजिफेत दिवसा सुर्ख म्हणजे सुवर्णनाण्याचा राजा ज्याच्याकडे तो आरंभ करी, रात्री सफेद म्हणजे रौप्यनाण्याचा. एक सूर्याचा, दुसरा चंद्राचा. दशावतारीत दिवसा आरंभ रामाचा, रात्री कृष्णाचा. राम सूर्यवंशी, कृष्ण चंद्रवंशी. नियम तोच, अर्थ नवा.

१६/ नववा अवतार मात्र सर्वत्र एकसारखा राहिला नाही. बंगालमधील विष्णुपूरच्या पत्त्यांत बुद्धाच्या जागी जगन्नाथाचे रूप दिसते. प्रत्येक प्रदेशाने आपला देव संचात बसवला. पत्त्यांची संख्या, क्रम, डाव यांना धक्का न लावता केलेला हा बदल होता. म्हणूनच तो टिकला.

१७/ एक गणित ध्यानात घेण्याजोगे आहे. गंजिफा बहुधा तिघे खेळत. रंगात १२ पत्ते असल्याने रंग कितीही वाढवले तरी वाटणी बरोबर होते. ९६ पत्ते : प्रत्येकी ३२. नवग्रह गंजिफेचे १०८ : प्रत्येकी ३६. दशावतारीचे १२० : प्रत्येकी ४०. राशींच्या संचाचे १४४ : प्रत्येकी ४८. नवा विषय सुचला की नवे रंग जोडावेत; मूळ चौकट मोडत नाही. बावनपत्ती तिघांत वाटून पाहिल्यास हा फरक कळतो; एक पत्ता उरतोच.

१८/ या चौकटीची कमाल मर्यादा म्हैसूरला दिसली. तिसरे कृष्णराज वडियार (१७९४–१८६८) यांच्या आश्रयाखाली सिद्ध झालेल्या ‘श्रीतत्त्वनिधी’च्या कौतुकनिधी या भागात १३ ‘छद’ खेळांचे वर्णन आहे. त्यांतील चामुंडेश्वरी छदात ३२० पत्ते, तर सर्वांत मोठ्या संचात ३६०. चित्रांचे वैभव अपूर्व. परंतु ३६० पत्ते तिघांत वाटले तर प्रत्येकी १२० येतात. असे संच दरबाराबाहेर रुजले नाहीत. सुंदर संच आणि खेळता येणारा संच यांतील अंतर येथे उघड होते.

१९/ सावंतवाडीचे पत्ते दरबारासाठीही होते आणि बाजारासाठीही. ‘दरबारी कलम’ म्हणजे तपशीलवार, राजघराण्यांसाठीचे काम. ‘बाजार कलम’ म्हणजे सामान्य खेळाडूसाठी झपाट्याने रंगवलेले. कागदाच्या थरांना चिंचोक्याची खळ, त्यावर रंग, वर लाखेचा मुलामा. प्रत्येक रंगाची पार्श्वभूमी वेगळी, म्हणजे ४० गोल पत्ते हातात एकमेकांवर आले तरी डोळ्यांना रंग लगेच ओळखता यावा. ही शोभा नव्हे, ही सोय.

२०/ छापील बावनपत्ती स्वस्तात मिळू लागल्यावर हाताने रंगवलेली गंजिफा मागे पडली. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर घरोघरी आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीतही ही कला जाणणारे हात मोजकेच उरले होते. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती समजून घेतली, राजवाड्यात कार्यशाळा सुरू केली आणि नवे कारागीर घडवले. आज सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकन आहे.

२१/ १९३३ मध्ये मुंबईत आलेले कलासमीक्षक रुडी फॉन लायडन यांनीही देशभरातील संच जमवून त्यांचा अभ्यास केला. त्यांच्या ग्रंथांमुळे गंजिफा जगातील संग्रहालयांच्या नजरेत आली. पत्ता वाचला, यात शंका नाही.

२२/ परंतु वाचले ते चित्र. आज दशावतारी संच भेट म्हणून दिला जातो, चौकटीत बसवून भिंतीवर लावला जातो. खेळण्यासाठी मात्र क्वचितच उघडला जातो. भिंतीवरच्या पत्त्यात एक्का वरचा की दश्शी, याला अर्थ उरत नाही. राम दिवसा आणि कृष्ण रात्री का, हे विचारण्याचे कारणही उरत नाही. नियम हा गंजिफेचा अर्धा इतिहास आहे, आणि तो चित्रात दिसत नाही. तो फक्त डावात दिसतो.

२३/ सुदैवाने तो परत मिळवायला राजवाडा लागत नाही. साध्या बावनपत्तीचे, पाठ सारखी असलेले, दोन जोड घ्यावेत. आठही गुलाम काढून टाकावेत. १०४ वजा ८, उरले ९६ : नेमकी मोगली गंजिफा. राजा तो राजा, राणी ती वजिराच्या जागी, आणि एक ते दहा.

२४/ एका जोडाच्या पत्त्यांवर, दर्शनी बाजूच्या कोपऱ्यात, पेनाने ठिपका द्यावा. ठिपक्याचे चार रंग कमबर : त्यांत एक्का वर, दश्शी खाली. बिनठिपक्याचे चार बिशबर : त्यांत दश्शी वर, एक्का खाली. ठिपक्याचे चौकट म्हणजे सुर्ख, दिवसा आरंभ त्याच्या राजाचा. बिनठिपक्याचे इस्पिक म्हणजे सफेद, रात्री आरंभ त्याचा. तिघांत ३२-३२ वाटावेत.

२५/ पहिल्याच डावात कोणीतरी किमाशाची दश्शी मोठ्या आत्मविश्वासाने टाकेल आणि समोरचा एक्क्याने हात उचलेल. त्या क्षणी बादशाही दरबारापासून सावंतवाडीच्या बैठकीपर्यंत खेळाडूंना काय लक्षात ठेवावे लागे, हे कोणत्याही ग्रंथापेक्षा अधिक स्पष्ट कळेल. पाथरीचा किल्ला कोणाच्या हाती गेला हे बखरी सांगतात. त्या काळातील माणसे सत्ता, दैव आणि बुद्धी यांचा हिशेब कसा मांडत, हे सांगायला ९६ पत्ते पुरेसे आहेत.

(समाप्त)