स्वभाव आणि विकृति

‘स्वभावाला औषध नाहीं’ ही म्हण महाराष्ट्रांत घरोघर ऐकूं येते. मनुष्य जसा जन्मला तसाच मरावयाचा, असा तिचा भावार्थ. ती कितपत खरी, हें पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धी या गांवच्या इतिहासावरून पारखून पाहण्यासारखें आहे.

पर्जन्याची वाण असलेलें हें गांव. १९७२ च्या दुष्काळानें तेथील शेती पार खचली. पोटासाठीं कोणी बाहेर मजुरीस गेले, कोणी हातभट्टी लावली. दारूच्या पाठोपाठ कर्ज आणि भांडणें आलीं. अशा गांवाला लोक काय म्हणतात, तें सांगावयास नको: जात्याच आळशी, जात्याच भांडखोर!

१९७५ मध्यें अण्णा हजारे सैन्यांतून गांवीं परतले. यादवबाबांच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला. तेथेंच दारूबंदीचा ठराव झाला आणि बऱ्याच भट्टीवाल्यांनीं आपल्या भट्ट्या आपण होऊन मोडल्या. नालाबांध व पाझर तलाव यांमुळें पाणी जिरलें, विहिरी भरल्या, दुसरें पीक येऊं लागलें. माणसें तींच होतीं. ज्याला त्यांचा स्वभाव म्हणत, त्यांतील बराच भाग कोरड्या विहिरीचा निघाला.

मग स्वभाव म्हणून कांहींच नाहीं काय? आहे, परंतु तो ओळखणें सोपें नाहीं. १९३६ सालीं अमेरिकेंत गॉर्डन ऑलपोर्ट व हेन्री ऑडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनीं इंग्रजी कोशांतून माणसाचें वर्णन करणारे सुमारें १८,००० शब्द वेंचले. त्यांतील सुमारें ४,५०० शब्दच टिकाऊ स्वभावगुणांचे ठरले. उरलेल्यांत क्षणिक मनःस्थितीचे आणि केवळ निंदास्तुतीचे शब्द पुष्कळ होते.

स्वभावगुण आणि विकृति यांतही अंतर आहे. हट्ट, संशय, भिडस्तपणा, तापटपणा हे थोडेफार सर्वांच्या ठायीं असतात. परंतु एखाद्याची विचाराची, वागण्याची व नातीं राखण्याची रीत इतकी ताठर होते कीं, घरीं, दारीं, कामावर तीच अडचण वर्षानुवर्षें उभी राहते आणि त्याला किंवा भोंवतालच्यांना क्लेश देते. तेव्हांच तिला व्यक्तिमत्त्वविकृति म्हणतात. दारूचें व्यसन ही निराळी व्याधि. दोन्ही एकाच माणसांत नांदूं शकतात, म्हणून त्यांची गल्लत होते.

१८३५ मध्यें प्रिचर्ड या इंग्रज वैद्यानें अशा कांहीं माणसांच्या स्थितीस ‘नैतिक वेड’ म्हटलें. त्या नांवांतच दोषारोप होता. पुढें या विकृतींचे अनेक प्रकार पाडण्यांत आले. २०२२ पासून अंमलांत आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानें ते कप्पे बहुतेक मोडले आणि विकृति सौम्य, मध्यम कीं तीव्र, हें पाहण्यास सांगितलें.

राळेगणच्या इतिहासांत एक कठोर पानही आहे. सांगूनही न ऐकणाऱ्या मद्यपींना देवळाजवळच्या खांबास बांधून फटके मारण्यांत आले. हें हजारे यांनीं स्वतःच सांगितलें आहे. भीतीनें पेला खालीं ठेवतां येतो. तो पुन्हां पुन्हां हातीं कां येतो, हें चाबकाला कळत नाहीं. ज्याचें मन आधींच जखमी, त्याला चारचौघांतील मानहानि अधिकच खोल लोटते.

त्याच गांवानें दुसरी वाटही दाखविली. तेथील संत निळोबाराय विद्यालयानें इतरत्र नापास झालेल्या मुलांना मुद्दाम प्रवेश दिला. ‘ढ’ आणि ‘उनाड’ हे शिक्के घेऊन आलेलीं मुलें शिस्तीच्या व विश्वासाच्या बळावर उत्तीर्ण होऊं लागलीं.

मानसोपचाराचा अनुभवही याच बाजूचा आहे. भावनांच्या वादळांत स्वतःस वारंवार इजा करून घेणाऱ्या स्त्रियांना अमेरिकेंत मार्शा लिनेहन यांनीं वर्षभर मन सांवरण्याचें पद्धतशीर शिक्षण दिलें. त्यानें ती इजा कमी झाल्याचें १९९१ मध्यें प्रसिद्ध झालें. येथेंही गुण आला तो धाकानें नव्हे, शिकवणीनें.

तेव्हां स्वभावाला बाटलींतलें औषध नाहीं, एवढ्यापुरतीच ती म्हण खरी. बदललेली परिस्थिति, चिकाटीची शिकवण आणि माणसावर शिक्का मारण्यापूर्वीं क्षणभर थांबणारा शेजारी, यांना मात्र स्वभाव वश होतो. सावकाश, परंतु निश्चित.